मधलं दार

सातपूरला रऊफ मिस्त्रीच्या शेडमध्ये
तीन शेगड्या ओळीने उभ्या होत्या,
नळ्या अजून बसायच्या होत्या त्यांच्या.
मी सरळ मोठीपाशी गेले.
घेतोच आहोत तर मोठी घ्यावी,
पातेलं असो की कपाट,
आमच्याकडे हीच रीत.

मिस्त्रीने चहा सांगितला
आणि पत्र्याच्या तुकड्यावर खडूने चौकोन काढला.
नवी खोली केवढी?
दहा बाय बारा.
उंची?
साडेनऊ, वर स्लॅब.
पश्चिमेची भिंत उघड्यावर,
पलीकडे मखमलाबादचे मळे,
जानेवारीत तिकडून जे येतं
त्याला वारा म्हणणं म्हणजे त्याचे लाड करणं.
पावतीच्या पाठीवर मी गुणाकार केला:
अकराशे चाळीस घनफूट.

जळण काय?
द्राक्षाची खोडं, मी म्हटलं.
गेल्या वर्षी काढलेली बाग, तेवीस वर्षांची,
गोठ्यामागे रचून ठेवलीय.
वाळून हाडांसारखी वाजतात,
पण एक खोड सरळ असेल तर शपथ.
मग तोंड रुंद ठेवू, तो म्हणाला,
पोट नाही.

मोठीचं काय वाईट?
त्याने तिच्या पोटात हात घातला,
बाहेर काढला तो कोपरापर्यंत काळा.
ही परत आलीय, गिरणाऱ्याच्या एका फार्महाऊसवरून.
लहान खोलीत मोठी शेगडी,
अर्ध्या तासात माणसं अंगणात.
मग लोक हवा कोंडतात.
कोंडलेली आग जळत नाही ताई, कुढते.
नळीला आतून डांबर धरतं
आणि एका रात्री नळीच पेट घेते.
लहान घ्या, धडधडून जळू द्या.

धाकटी पक्की झालीच होती,
तेवढ्यात खडू कानामागे ठेवत त्याने विचारलं,
आणि मधलं दार?
जुन्या घरात उघडणारं?
रात्री उघडं राहणार की बंद?
बंद असेल तर ही पुरे.
उघडं असेल तर तुमचा हॉल, तुमचा जिना
सगळी ऊब ओढून नेणार. मग मधली लागेल.

गवंड्याने हे विचारलं नव्हतं.
सोमनाथने नव्हतं.
वन्संनी तर नाहीच.
त्या ओझरहून आल्या बावन्नाव्या वर्षी,
दोन ट्रंका आणि शिलाई मशीन घेऊन,
आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या,
माझं मी वेगळं शिजवीन, तुम्हाला अडचण नको.
मी म्हटलं, अहो कशाला.
एकदाच म्हटलं.
दाराला कडी आहे, दोन्ही बाजूंनी.
सुताराला तसं मीच सांगितलं होतं.

शेडबाहेर येऊन फोन लावला.
पलीकडे मशीन थांबलं.
वन्सं, ते मधलं दार,
रात्रीचं उघडं ठेवायचं का बंद?
शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला, थांबला,
पुन्हा सुरू झाला.
मग त्या म्हणाल्या,
थंडी किती पडते त्यावर आहे.

मी आत जाऊन तेच सांगितलं, शब्दाला शब्द.
मिस्त्री हसला नाही.
मधली न्या, म्हणाला,
आत बसवायला सहा विटा देतो, भट्टीच्या, सुट्या.
दार बंद त्या रात्री विटा आत, पोट लहान.
दार उघडं त्या रात्री विटा बाहेर.
विटांचे पैसे त्याने लावले नाहीत,
नळीच्या कोपराचे मात्र दुप्पट घेतले.

आता डिसेंबर सरत आला.
कोळसा काढताना मी विटा मोजते, उगीच.
सहा होत्या. मग पाच.
परवा निफाडकडे पारा पाचावर आला म्हणे,
त्या रात्री चार.
एक त्यांच्या मशीनच्या पायाखाली गेलीय, फरशी उतरती आहे तिथे.
दुसरी आज पहाटे दिसली,
मधल्या दाराला टेकवलेली,
वाऱ्याने आपटू नये म्हणून असेल.
कोणी ठेवली ते विचारलं नाही.
चहा टाकला, आधण जरा जास्त.